संगणकापुढे डोळे चुरचुरतात? उजेडाच्या या चुका टाळा

जुलैत पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की आमच्या सेवा केंद्रावर सकाळपासून कास्तकारांची रांग लागते. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत रेती गेल्यासारखं चुरचुरतं, कपाळ ठणकतं. मी आधी दोनदा चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच निघाला. चुकीचं होतं ते टेबल.

गावातलं केंद्र म्हणजे बहुतेक एका शटरचा गाळा, मागं खिडकीच नाही. गिऱ्हाईक समोर दिसावं म्हणून आपण शटरकडे तोंड करून बसतो, मग रस्त्यावरच्या उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते. पाठ करून बसलं तर तोच उजेड स्क्रीनवर चमकतो, अक्षरं दिसत नाहीत आणि आपण मान वाकवून डोळे बारीक करतो. टेबल असं फिरवा की शटर डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. शटर पश्चिमेला असेल तर दुपारनंतर हिरवी नेट सोडा. जागा बरोबर आहे का, हे मॉनिटर बंद करून पाहा. काळ्या काचेत शटर किंवा ट्यूबलाइट स्पष्ट दिसत असेल, तर काम करताना तिचाच त्रास होतो आहे.

याच्या उलट चूक मे महिन्यात होते. ऊन ४५ अंशांवर गेलं की शटर अर्धं खाली, दिवे बंद, आणि अंधारात एकटी स्क्रीन पेटलेली. लाइट गेली की इन्व्हर्टरवरही तेच. लखलखीत स्क्रीन आणि काळोखातला सातबारा यांच्यात नजर दिवसभर ये-जा करते, त्यानं डोळे थकतात. ऑफिसच्या कामाला टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड हवा. कागदाच्या बाजूला छोटा एलईडी दिवा लावा, फक्त त्याचं तोंड स्क्रीनकडे नको. मग स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी भासली तर ब्राइटनेस कमी करा, मळकट वाटली तर वाढवा.

जुन्या चोकची ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. काही स्वस्त एलईडी पट्ट्याही तशाच. ते डोळ्यांना कळत नाही, पण डोकं धरतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बदला.

कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका. स्क्रीनकडे पाहताना पापण्या नेहमीपेक्षा खूपच कमी लवतात, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी समोरच्या कडुनिंबाकडे २० सेकंद पाहत जा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये अशा चष्म्यांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. तेवढ्या पैशांत टेबलावरचा दिवा येतो.

पण एका डोळ्याचं दिसणं अचानक कमी झालं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर टेबल हलवत बसू नका. रांग राहू द्या आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.