नवं काम शिकताना जुन्यातलं काय ठेवायचं

परळला माझा मराठी टायपिंगचा क्लास आहे. कॉलेजातली मुलं येतात, तशी पन्नाशीची माणसंही येतात. ऑफिसात सगळं संगणकावर गेलं, आता आमच्यानं व्हायचं नाही, असं म्हणत ती बसतात. त्यांना मी आधी कळफलकाला हात लावू देत नाही, कागद देते.

त्यावर दोन रकाने आखायचे. एकात कामातलं काय बदललं ते, दुसऱ्यात काय तसंच राहिलं ते लिहायचं. "सगळंच बदललं" हे डोक्यात फिरत राहिलं की हात आखडतो. लिहायला बसलं की बदललेल्याची यादी बहुधा लवकर संपते.

टायपिंगचंच बघा. जुन्या टाइपरायटरवर अक्षर दिसतं तसं उमटवायचं, म्हणून 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग क. संगणकावर मराठीसाठी वापरतात त्या युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आपण बोलतो तो क्रम असतो: आधी क, मग वेलांटी. क उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, वेलांटी डाव्या तर्जनीला. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की ख. बोटांना हे नव्यानं शिकवावं लागतं, त्याला इलाज नाही. पण शुद्धलेखन, कागदाच्या कडेला समास सोडणं, नजर मजकुरावर ठेवून टाइप करणं, वेगाआधी अचूकपणा बघणं, यातलं काहीच वाया जात नाही. जुन्या टायपिस्टला हे सांगितलं की तिचा चेहरा सैल होतो, आणि मला तेवढंच हवं असतं. घाबरलेल्या माणसाला कळा सापडत नाहीत.

मग सराव. रोज थोडा वेळ, पण खऱ्या मजकुरावर: घरभाड्याची पावती, सोसायटीची नोटीस, बहिणीला पत्र. सुरुवातीला वेग पडतो, अगदी निम्म्यावरही येतो. तो पडणारच हे साहेबांना आधीच सांगून ठेवा आणि तातडीचं काम तेवढ्यापुरतं जुन्या पद्धतीनं करा. मात्र जुनी पद्धत बंद करायची तारीख ठरवून भिंतीवर लावा. तारीख नसेल तर दोन्हीकडे पाय राहतो आणि बोटं कुठल्याच कळफलकाला सरावत नाहीत.

ऑफिसातल्या लहान वयाच्या मुलाला विचारायला लाजू नका. फक्त त्याच्या हातात माउस देऊन बघत राहू नका. त्यानं एकदा करून दाखवावं, दुसऱ्यांदा तुम्ही करायचं, त्यानं बघायचं.

दुसरी वाट माहीत असण्याची सवय गरज नसतानाच लागते. पावसात शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे अडते. आमचं परळ स्टेशन पुलानं पश्चिम रेल्वेच्या प्रभादेवीला जोडलेलं आहे. तिथून अंधेरी, आणि अंधेरीहून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोनं घाटकोपर. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण गर्दीत पुलाचा कुठला जिना धरायचा हे पायांना माहीत नसतं. म्हणून मुलांना मी मेगाब्लॉकच्या रविवारी, काही काम नसताना, त्या वाटेनं जाऊन यायला सांगते. कामाच्या बाबतीतही तसंच करा: शेजारच्या टेबलावरचं काम महिन्यातून एकदा मागून घ्या.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि असंख्यांना ती नोकरी परत मिळाली नाही. वडिलांना सूत बोटांत धरून कापडाची वीण कळायची. त्या जोरावर मूळजी जेठा या कापडाच्या मार्केटमध्ये एका व्यापाऱ्यानं त्यांना माल तपासायला ठेवलं. दुसऱ्या रकान्यातली ही गोष्ट त्यांना तारून गेली. पण त्यांच्याच शेजारच्या साच्यावर तितकाच जाणता हात असलेली माणसं वर्षानुवर्षं घरी बसली, कारण त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना बदलता आलं नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. हाताला संधी आणि चुलीला दोन-चार महिन्यांचा आधार असल्याशिवाय कुणी नवं शिकत नाही. म्हणून जमेल तेव्हा, अगदी थोडे का होईना, शिकण्याच्या काळासाठी पैसे बाजूला ठेवा.

आणि जुळवून घ्या म्हणत कुणी तुमच्यावर दोन माणसांचं काम टाकत असेल, तर ते शिकणं नव्हे. तिथे तीन गोष्टी लेखी विचारा: शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरणार का, शिकवणार कोण, आणि या नव्या कामाच्या बदल्यात जुन्यातलं कोणतं काम माझ्याकडून काढून घेणार. उत्तर येईपर्यंत जुनं काम नीट करत राहा आणि अर्जाची पोच स्वतःजवळ ठेवा.