घरच्या लाईटच्या कामाला चांगला इलेक्ट्रिशियन कसा शोधावा आणि अडचणीच्या वेळी काय करावं

मे महिन्याची दुपार, पारा चाळिशीच्या वर, कूलर बंद पडलेला आणि घरात तान्हं लेकरू. अशा वेळी आपण गल्लीत विचारत सुटतो, "कुणाकडं लाईट फिटिंगवाल्याचा नंबर आहे का हो?" जो पहिला फोन उचलतो त्याच्या हाती अख्ख्या घराची वायरिंग जाते. त्याला काम येतं की नाही, हे विचारायचं भानही तेव्हा नसतं.

आमच्या घरी असंच झालं होतं. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. सापडला त्याला बोलावलं. दहा मिनिटांत झिणझिण्या थांबल्या, तो पैसे घेऊन गेला. दीड वर्षाने दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका जाणत्या माणसाने ते सॉकेट उघडलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं. घराला चालू अर्थिंगच नव्हतं. पहिल्याने सॉकेटच्या आत अर्थची पिन तारेच्या तुकड्याने सरळ न्यूट्रलला जोडून दिली होती. न्यूट्रल शाबूत आहे तोवर यात काही कळत नाही. पण न्यूट्रल कुठे सुटला की तोच तुकडा कूलरच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आणून सोडतो. माझी मुलगी दीड वर्ष त्याच कूलरमध्ये रोज पाइपने पाणी भरत होती. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितो आहे.

आधी ठरवा, काम कुणाचं आहे

आपल्याकडे गावात ‘वायरमन’ म्हटलं की महावितरणचा माणूसही तोच आणि घरात फिटिंग करणाराही तोच. दोघांची कामं मात्र वेगळी आहेत. डीपीपासून खांब, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर हे महावितरणकडे. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाकडे.

लाईट गेली की प्रथम शेजारी बघा. गल्लीच अंधारात असेल तर इलेक्ट्रिशियनला फोन करू नका. १९१२ किंवा १९१२० वर, नाहीतर १८००-२१२-३४३५ वर तक्रार द्या. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारतात, तो मोबाईलमध्ये लिहून ठेवा. शेजारी लाईट आहे आणि फक्त आपलीच गेली, तर मेन स्विच, एमसीबी किंवा जुन्या घरात किटकॅट फ्यूज बघा.

एक खूण मात्र पाठ करून ठेवा. बल्ब एकदम प्रखर झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर क्षणाचाही विचार न करता मेन बंद करा. बहुतेक वेळा बाहेरचा न्यूट्रल सुटलेला असतो. थ्री फेजच्या लाईनवर न्यूट्रल सुटला की कुणाच्या घरात व्होल्टेज २३० वरून ३०० च्याही वर जातं, तर कुणाकडे बल्ब मिणमिणतात. टीव्ही-फ्रिज जळतात ते असेच. हेही महावितरणचंच काम. खांबावर चढायला किंवा मीटरचं सील तोडायला जो खासगी माणूस तयार होतो, त्याला दारातूनच परत पाठवा. जिवाचा धोका आहेच, शिवाय मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे आणि त्यात नाव ग्राहकाचं येतं.

शोध निवांत दिवसांत घ्या

दिवाळी उरकली, थंडी पडली की हे काम करा. तेव्हा या लोकांकडे उन्हाळ्याची गर्दी नसते आणि महालक्ष्म्यांच्या रोषणाईची घाईही संपलेली असते. मी तीन ठिकाणी विचारतो. पहिलं, ज्याच्या घराचं काम होऊन चार-पाच वर्षं झाली असा शेजारी; नव्या कामाची स्तुती सगळेच करतात, पण चार पावसाळे काढलेली वायरिंगच खरं सांगते. दुसरं, इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. तिथे "स्वस्त कोण करतं" असं विचारू नका. "तुमच्या स्वतःच्या घरी कुणाला बोलावता?" हे विचारा. तिसरं, जवळची आयटीआय. तिथे वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे ट्रेड असतात आणि निदेशकांना आपली हुशार मुलं ठाऊक असतात.

संभाजीनगरात वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत मेंटेनन्सला असलेली मुलं रविवारी घरची कामं करतात. पॅनेलच्या कामात त्यांचा हात पक्का असतो, तरी जुन्या घराची भिंतीतली वायरिंग शोधणं हे वेगळं कसब आहे. तसं काम आधी केलंय का, ते विचारा. बोअरची मोटार जळाली असेल तर मात्र रिवायंडिंगवालाच गाठा.

नंबर मिळाला की लगेच मोठं काम देऊ नका. एखादा बोर्ड बदलणं, पंखा टांगणं असं किरकोळ काम द्या आणि शेजारी उभं राहून बघा.

परवान्याचं विचारायला लाजू नका

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं एवढं सोडलं, तर वायरिंगचं नवं काम किंवा आहे त्यात वाढ-बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावा, असा केंद्रीय नियम आहे. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना असायला हवा. गावात चांगलं काम करणारे कितीतरी जण बिनपरवान्याचे आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडून रेग्युलेटर बदलून घ्या. पण नवं घर, नवं मीटर किंवा वाढीव लोड असेल तर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. काम एकाकडून आणि सही दुसऱ्याची, असा प्रकार चालतो. तो करू नका. ज्याने तुमची वायरिंग पाहिलीच नाही त्याच्या सहीवर तुमचं घर उभं राहतं.

तो काम कसं करतो, ते बघा

माझ्या अनुभवात पहिल्या पाच मिनिटांत माणूस कळतो. चांगला माणूस आल्या आल्या मेन कुठे आहे ते विचारतो, बंद करतो आणि तरीही टेस्टर लावून खात्री करतो. "काही होत नाही भाऊ, मला सवय आहे" म्हणत चालू लाईटवर हात घालणारा कितीही हुशार असो, मी त्याला दुसऱ्यांदा बोलावत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालणारा तर अजिबात नको. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करायला; तार जाड केली की मग वायरच तापून जळते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि मराठवाड्यात ती सगळ्यात मोठी आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जमिनीतल्या पाइपपासून सुटते. ओल गेली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणजे कूलर चालतात नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं. बालाघाटाच्या पट्ट्यात तर दोन-तीन फुटांवर मुरूम आणि खडक लागतो. तिथे एका खड्ड्याने भागत नाही, अंतर सोडून दोन खड्डे घेऊन जोडावे लागतात. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून तीन आकडे दाखवायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये नेमकं शून्य आलं तर सॉकेट उघडून बघायला लावा. आमच्याकडे तसाच तुकडा निघाला होता. शेवटी फेज आणि अर्थमध्ये मोठा बल्ब लावून दाखवायला सांगा. नुसत्या मीटरला फसवणारं कच्चं अर्थिंग बल्बच्या भाराखाली उघडं पडतं. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळायला लागला की आपोआप लाईट तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर या तपासणीत तो पडणारच, आणि पडला म्हणजे तो नीट आहे.

आरसीसीबी नसेल तर इतर सगळे खर्च मागे ठेवून आधी तो बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

माळवदाचं किंवा पत्र्याचं घर असेल तर आणखी एक फेरी मारायला लावा. माळवद गळायला लागलं की ओल लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरपर्यंत पोचते आणि भिंतीला करंट उतरतो. पत्र्याच्या कडेला सर्व्हिस वायर घासून सोलली गेली की अख्खा पत्रा जिवंत होतो, आणि त्याच पत्र्याच्या खांबाला बाईमाणसं कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधतात. ओले कपडे, ओले हात, अनवाणी पाय. पावसाळ्यात अशाने माणसं जातात, आणि एकाला सोडवायला धावलेला दुसराही जातो. ती तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधा, यासाठी कुणाला बोलवायचीही गरज नाही.

पैशाचं आणि सामानाचं

किरकोळ कामाला व्हिजिटचे पैसे, नव्या फिटिंगला पॉइंटवर दर, नाहीतर सरळ हजेरी. कोणती पद्धत, ते आधी बोला. पॉइंटच्या दरात भिंत फोडणं, बोर्ड बसवणं आणि अर्थची वायर धरली आहे का, हे विचारा. भांडणं इथेच होतात. सामान शक्यतो स्वतः आणा, पण यादी त्याच्याकडून लिहून घ्या. वायरवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ छापलेलं बघा. दिव्यांना दीड, पॉवर प्लगला अडीच, एसी-गिझरला चार स्क्वेअर एमएम हा साधारण हिशोब. यात कुणी "एवढी जाड कशाला" म्हणून पैसे वाचवायला लागला तर ऐकू नका. कष्टाच्या मजुरीत मात्र घासाघीस करू नका. मजुरी कापली की तो जोडणीत वेळ कापतो.

भिंत बुजवण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढा. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे मार्करने लिहायला लावा.

रात्री-बेरात्री

जळका वास, बोर्डातून तडतड आवाज किंवा भिंतीला झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करून मगच फोन करा आणि सकाळपर्यंत लाईट नसली तरी चालवून घ्या. विजेच्या आगीवर पाणी मारू नका. मेन बंद करून कोरडी वाळू टाका आणि १०१ ला कळवा.

कुणी चिकटलंच तर हात लावायचा नाही. पहिला धावा मेनकडे. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकला. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाबत राहा, गाडी येईपर्यंत थांबू नका. खांबावरची तार तुटून पडली असेल तर जवळसुद्धा जाऊ नका, लेकरं आणि जनावरं लांब ठेवा आणि महावितरणला कळवा.

अशा रात्री ओळखीचा माणूस फोनवर निम्मं काम करतो. आमचा इलेक्ट्रिशियन आधी मेन बंद करायला लावतो, काय दिसतंय ते विचारतो, आणि मगच म्हणतो, "पंधरा मिनिटांत येऊ लालो." त्याचा नंबर आम्ही मीटरपेटीच्या दाराच्या आतून रंगाने लिहिला आहे. मोबाईल बंद पडला तरी शेजारच्या फोनवरून लावता येतो.

होळीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी टाकायचं काम आता मुलीकडे आहे. पाण्याची कितीही ओढ असली तरी तेवढी बादली आम्ही बाजूला ठेवतो, कपडे धुतलेल्या पाण्याची असली तरी चालते. उन्हाळ्यात कूलरचं काही बिघडलं म्हणून फोन केला की आमचा इलेक्ट्रिशियन पहिलं हेच विचारतो, "ताईनं पाणी टाकलं का खड्ड्यात?"