पिशवीचा कॅन्सर, रिपोर्टमधले आकडे आणि आपण: या चुका टाळा

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. पिशवीचे, म्हणजे गर्भाशयाचे तुकडे, पिशवीच्या तोंडाचे स्मिअर, ओव्हरीच्या गाठी रोज नजरेखालून जातात. त्यामुळे नात्यातल्या, शेजारच्या बायका हमखास कागद घेऊन येतात, नाहीतर मोबाइलवर फोटो पाठवतात. वर्षानुवर्षं हे कागद पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो: तपासणी कुठल्या प्रश्नासाठी आहे हे कुणी विचारत नाही, आकडा तेवढा उचललेला असतो. संशोधनाच्या बातम्यांचंही तसंच होतं.

सीए-१२५ वाढलं म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर, असं धरून चालणं

मावसबहिणीने एका रात्री मावशीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. रक्तातलं सीए-१२५ चारशेच्या वर, सर्वसाधारण मर्यादा ३५. आकड्याभोवती लाल पेनाने दोनदा गोल केलेला. सोनोग्राफीत पोटात पाणी. ज्यांनी पाहिलं त्यांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं, ‘ओव्हरीचाच दिसतोय, तयारीत राहा.’ मावशीने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तुकडा तपासल्याशिवाय कुणी काही बोलू नका. दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या आवरणाचा तुकडा घेतला आणि निदान आलं पोटाच्या टीबीचं. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी मावशी बरी झाली.

सीए-१२५ हे प्रथिन कॅन्सरची खासगी मालमत्ता नाही. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, यकृताचा आजार, अगदी पाळी आणि गरोदरपणातही ते वाढतं. उलट ओव्हरीचा कॅन्सर सुरुवातीला असताना बऱ्याच बायकांमध्ये ते वाढलेलं नसतं. पाळी न गेलेल्या बाईच्या एकट्या आकड्यावर तर फारच कमी विश्वास ठेवावा. हा आकडा खरा उपयोगी पडतो तो कॅन्सरचं निदान झाल्यावर, केमो लागू पडतेय का हे पाहायला.

मग काही त्रास नसताना दरवर्षी ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये ही तपासणी करून घ्यावी का? याचं उत्तर शोधायला ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक बायका एका चाचणीत घेतल्या गेल्या. काहींची दरवर्षी सीए-१२५ तपासणी, काहींची सोनोग्राफी, उरलेल्यांची काहीच नाही. अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आला. सीए-१२५ च्या गटात कॅन्सर थोडे लवकरच्या टप्प्यात सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या ७८,२१६ बायकांच्या चाचणीतही मृत्यू घटले नाहीत. तिथे ३,२८५ बायकांना कॅन्सर नसताना संशय निघाला, त्यातल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. काहीही झालेलं नसताना. पॅकेजच्या जाहिरातीत हा भाग नसतो.

दोन प्रसंगी मात्र हे सगळं बाजूला ठेवा. एक, पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं हे नव्याने सुरू होऊन आठवडेच्या आठवडे टिकलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चावत बसू नका. दोन, आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यात ओव्हरीचा किंवा तरुण वयातला स्तनाचा कॅन्सर असेल, तर बीआरसीए जनुकांच्या (यांत दोष असला तर हे कॅन्सर घराण्यात चालत येतात) तपासणीबद्दल विचारा. वडिलांकडूनही हा दोष येतो, हे हमखास विसरलं जातं.

तपासणीमुळे कॅन्सर वाढले, असं वाचणं

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या जगातल्या फार मोठ्या अभ्यासांपैकी एक आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, चार गट: एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी, पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचपट्टीवर तपासणं), ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था. तपासणी आयुष्यात एकदाच, मग आठ वर्षं पाठपुरावा.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे शांतपणे वाचा. एचपीव्ही गटात १२७ बायकांना कॅन्सर निघाला, तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. घाईत वाचणारा इथेच थांबतो आणि म्हणतो, ‘बघा, तपासणी केली त्यांनाच जास्त झाला.’ पुढची ओळ वाचली तर चित्र उलटं होतं. पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, तपासणी न झालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. म्हणजे तपासणीने कॅन्सर तयार केला नाही, होता तो वेळेत हाती लागला. (तपासणीविना ठेवलेल्या चौथ्या गटाबद्दल नंतर नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. धाराशिवच्या त्या बायकांचं देणं आपल्यावर आहे असं मी मानते.)

या अभ्यासात पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मग दुसरी चूक सुरू होते: ‘आशाताई सांगतात ती तपासणी बिनकामाची आहे.’ मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात हीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायकांनी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. फरक कुठे? धाराशिवमध्ये तपासणी एकदाच झाली, मुंबईत दर दोन वर्षांनी, चार वेळा. कमी धारदार कोयता पुन्हा पुन्हा चालवला तर तोही काम करतो. एचपीव्ही मिळत असेल तर उत्तम, नसेल तर जी आहे ती करा, पण एकदा करून सोडून देऊ नका.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, हेही इथेच सांगते. हा विषाणू बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं टिकला तरच पेशी बिघडतात. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून नवऱ्यावर किंवा बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. संसर्ग कधीचा आहे हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. पॉझिटिव्ह आल्यावर कॉल्पोस्कोपीला, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून तपासायला जायचं असतं, भांडायला नाही.

‘लस घेतली, आता काळजी मिटली’

एचपीव्हीची लस नव्या संसर्गाला अडवते, आधीचा बरा करत नाही. म्हणून ती नऊ ते चौदा या वयात द्यायची. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीविरुद्ध लस नाही.

एका डोसबद्दल मात्र लोक उगाच साशंक असतात. २००९ मध्ये आपल्याकडे दोन आणि तीन डोसची तुलना सुरू झाली होती, पुणे आणि बार्शीही त्यात होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या वादामुळे लसीकरण थांबवलं गेलं आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. त्यांचा पाठपुरावा कुणी सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे आपल्या या मुलीही आहेत. दुसरा डोस चुकला म्हणून मुलीला बिनलशीची समजू नका, डॉक्टरांना तसं सांगा.

पाळी गेल्यावर आलेला डाग धुऊन टाकणं

पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा अंगावरून गेलं, एकच डाग का असेना, तर ती ‘उष्णता’ नाही. अशा दहा जणींपैकी साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. नऊ जणींना नसतो, म्हणून घाबरून जाऊ नका. पण या कॅन्सरच्या दहापैकी नऊ बायकांना हा डागच पहिली खूण असतो, म्हणून थांबूही नका. पॅप नॉर्मल आहे यावर समाधान मानू नका. पॅप पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, अस्तराची नाही.

दुर्बीण म्हणजे सरसकट चांगली, असं मानणं

पिशवीच्या तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत २०१८ च्या जागतिक चाचणीने धक्का दिला. साडेचार वर्षांनी कॅन्सरमुक्त जगण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीने केलेल्यांत ८६ टक्के. अस्तराच्या कॅन्सरमध्ये मात्र दुर्बीण चालते. तेव्हा टाके किती हे विचारण्याआधी कॅन्सर नेमका कुठला हे विचारा.

‘काढून टाका एकदाची’

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर शस्त्रक्रिया होते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कोयत्यामागची मजुरी बुडू नये म्हणून बाया हो म्हणतात. पांढरं जाणं बहुतेकदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि गोळ्यांनी बरं होतं.

खरोखर कॅन्सर असला तर आणखी नुकसान होतं. आधी पॅप किंवा बायोप्सी न करता साधी पिशवी काढली आणि आत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते, पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

काढलेली पिशवी नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात. घरचे बघतात, तोंड फिरवतात, ‘टाकून द्या’ म्हणतात. एकदा आमच्याकडे एक पिशवी साध्या पाण्याच्या बाटलीत, एसटीने, दुसऱ्या दिवशी आली. पेशी फुगून फुटल्या होत्या, काचपट्टीवर ओळखता येईना. बाईचा मुलगा काउंटरपाशी उभा होता. त्याला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून त्या ट्रेपाशी तुम्ही उभे असाल तर विचारा: फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) घातलीत का? कुठल्या लॅबला पाठवताय? रिपोर्ट कधी मिळेल? पुढे मोठ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टचा कागद पुरत नाही. लॅबमधून मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचपट्ट्या मागून घ्या, रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. ब्लॉक असला तर पुन्हा तपासता येतं.