पहाटे तीनचा आकडा: विद्यापीठाच्या आवारातली वीज आणि पाणी

मोठ्या आवाराचं महिन्याचं बिल कितीही वेळ न्याहाळलं तरी नासाडी कुठे होते ते त्यातून कळत नाही. ते कळतं पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. तेव्हा वर्ग आणि ग्रंथालय बंद असतात, वसतिगृहं झोपलेली असतात. त्या वेळी जे पाणी वाहतं आणि जी वीज जळते, तिचं कारण सांगता आलं पाहिजे. प्रयोगशाळेतल्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं किंवा सर्व्हरचं कारण सांगता येतं. रिकाम्या व्याख्यानगृहातल्या पंख्याचं सांगता येत नाही.

त्यासाठी प्रत्येक इमारतीला विजेचा आणि पाण्याचा स्वतंत्र मीटर हवा, आणि दर १५ मिनिटांची नोंद हवी. पण मीटर बसला म्हणजे आकडा खरा, असं धरू नका. विजेच्या बाबतीत पहिला संशय सीटीवर घ्या, म्हणजे मोठा करंट लहान करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर. सीटी ४००/५ ची (४०० अँपिअरचे ५ करणारी) आणि मीटरमध्ये २००/५ भरलेलं असेल, तर वापर निम्माच दिसतो. तीनपैकी एक सीटी उलटी बसली, तर समतोल भारावर जेमतेम एक तृतीयांश नोंद होते. टाँग टेस्टरने, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या उपकरणाने, तिन्ही फेजचा करंट मोजून मीटरच्या पडद्याशी ताडून पाहा. मग प्रत्येक फेजची किलोवॉट बघा, एखादी उणे दिसली तर सीटीची दिशा चुकली आहे. चालू भारावर सीटीची दुय्यम (मीटरकडची) बाजू कधीही उघडी ठेवू नका. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. आधी शॉर्टिंग लिंक (दुय्यम बाजूची दोन टोकं जोडणारी पट्टी) लावा, मगच वायर सोडा.

पाण्याच्या मीटरमध्ये चूक बहुधा आकाराची असते. पाइप मोठा म्हणून मीटरही मोठा घेतला जातो, आणि रात्रीची बारीक धार त्याचं चक्र फिरवतच नाही. ज्या धारेसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच निसटते. मीटर ठरावीक पाण्यामागे नोंदयंत्राला एक इशारा, म्हणजे पल्स, पाठवतो; त्या पल्सचं वजनही तपासा: एक पल्स १० लिटरचा की १०० चा? तासभर डायल वाचून नोंदीशी जुळवलं की शंका मिटते.

आता गळतीचा शोध. मिनिटाला एक लिटर ही धार क्षुल्लक वाटते, पण ती दिवसाला १,४४० लिटर आणि वर्षाला सुमारे ५२५ घनमीटर होते. मुख्य वाहिनीवर टप्प्याटप्प्याने व्हॉल्व्ह बंद करत जाण्याची चाचणी अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. मात्र रात्री टाक्या भरत असतील तर मीटर भरणा दाखवतो, गळती झाकली जाते. म्हणून टाक्या संध्याकाळीच भरून त्यांचे इनलेट बंद करा. टाकीनंतरची गळती पातळीवरून काढा: ४ बाय ५ मीटरच्या टाकीत पाणी १ सेंटिमीटर उतरलं की २०० लिटर गेले.

व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच चालवून बघा. जुना स्लुइस व्हॉल्व्ह (वाहिनीतली पट्टी खाली-वर करणारा) फिरतो, पण तळाशी गाळ असल्याने पूर्ण बसत नाही, आणि मग निष्कर्षच चुकतो. किती फेऱ्यांत बंद होतो ते चेंबरच्या क्रमांकासह लिहून ठेवा. रात्री सगळ्यात लांबच्या विभागापासून सुरुवात करा, एकेक विभाग बंद करून दहा मिनिटं मुख्य मीटर वाचा. ज्या टप्प्यावर प्रवाह एकदम पडला, गळती त्या विभागात. दाब गेलेल्या वाहिनीत बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं, म्हणून विभाग फार वेळ बंद ठेवू नका. उघडताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा, नाहीतर पाण्याचा धक्का बसून दुसरा सांधा जातो. गढूळ पाणी सोडून द्या आणि शेवटच्या नळाला उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे ना, हे पाहा.

इमारतीच्या आत बहुतेकदा दोनच चोर सापडतात: न बसणारा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ) आणि झिरपणारी फ्लशची टाकी. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो सरळ गटारात जात असेल तर तो कुणालाच दिसत नाही. त्याचं तोंड येता-जाता नजरेला पडेल अशा जागी काढा.

विजेत रात्रीचा आकडा फुगण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं असतं: दुरुस्तीच्या वेळी हँड-ऑटो स्विच (हाताने की वेळापत्रकाने चालवायचं ते ठरवणारा) हँडवर केला आणि तसाच राहिला. मग वेळापत्रक कितीही नीट भरलेलं असो, पंखा चालूच राहतो. आठवड्यातून एकदा पॅनेलमधून फिरून हँडवरचे स्विच लिहून काढा आणि प्रत्येकाचं कारण विचारा.

पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. पण उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हे गणित लावू नका. तिथे चढच मोठा असतो. वेग फार कमी केला की पंप नुसता फिरतो, पाणी वर जात नाही.

थंड पाण्याच्या केंद्रीय यंत्रणेत परतीचं तापमान बघत राहा. ७ अंशांनी गेलेलं पाणी १२ ला परतायला हवं. ते साडेनऊलाच परतत असेल तर तेवढ्याच गारव्यासाठी दुप्पट पाणी फिरवावं लागतं आणि उगाच दुसरा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) सुरू होतो. इलाज चिलरपाशी नाही, इमारतीत आहे: उघडा अडकलेला कंट्रोल व्हॉल्व्ह, मळलेली कॉइल किंवा कुणीतरी फार खाली नेलेला सेटपॉइंट.

चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये वाफेमुळे क्षार साचत जातात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. ते पाणी म्हणजे बाष्पीभवन भागिले (सांद्रता-पट वजा एक); सांद्रता-पट म्हणजे टॉवरमधल्या पाण्यात भरणाऱ्या पाण्याच्या किती पट क्षार आहेत तो आकडा. रोज १०० घनमीटर वाफ होत असेल, तर ३ पटीला ५० आणि ६ पटीला २० घनमीटर सोडावे लागतात. पट वाढवण्याआधी पाण्यातला कठीणपणा आणि सिलिका तपासून घ्या, नाहीतर क्षार धरतात. क्षार मोजणारा वाहकतेचा प्रोब मळला की आकडा चुकतो आणि पाणी सोडणारा व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडा किंवा बंद राहतो, म्हणून प्रोब नियमित पुसा.

गरम पाण्याच्या टाकीचं तापमान मात्र वीज वाचवायला ६० अंशांखाली आणू नका. कोमट पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू वाढतो. सुट्टीत बंद असलेल्या इमारतींचे नळ आठवड्यातून एकदा सोडा, आणि त्या पाण्याची नोंद वेगळी ठेवा, म्हणजे गळतीच्या हिशेबात ते मिसळणार नाही.

प्रत्येक इमारतीचा रात्रीचा नेहमीचा आकडा ठरवा. सलग तीन रात्री तो ओलांडला गेला की निरोप एकाच ठरलेल्या माणसाकडे जाऊ द्या. सगळ्यांना एकदम पाठवलेला निरोप कुणीच वाचत नाही.