जावा ८ की १.८?

सीताबर्डीवरील माझ्या काकांच्या दुकानात बिलांचा जुना प्रोग्राम एका बॅच फाईलमधून (संगणकाला द्यायच्या आज्ञा ओळीने लिहिलेली छोटी फाईल) सुरू होतो आणि त्याला चालण्यासाठी जावा हे सॉफ्टवेअर लागते. नव्या संगणकावर मी जावा ११ बसवली, तेव्हा ‘किमान जावा ८ आवश्यक आहे’ असा संदेश येऊन तो बंद पडू लागला. काकांनी विचारले, “अरे, अकरा आठापेक्षा लहान केव्हापासून झाले?” प्रश्न अगदी रास्त होता.

दोनदा जावा काढून पुन्हा बसवण्यात दुपार वाया घालवल्यानंतर मी कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत, जावाची आवृत्ती तपासली आणि घोळ लक्षात आला. २००४ साली बाजारात ‘५.०’ या नावाने आलेली जावा स्वतःला आतून १.५ म्हणवत असे. त्याच रीतीने जावा ८ चा आतला क्रमांक १.८.० असा होता. २०१७ मधील जावा ९ पासून मात्र सुरुवातीचा ‘१’ गळून पडला, त्यामुळे जावा ११ आपला क्रमांक ११.०.२ असा सांगते. बॅच फाईल पहिल्या टिंबानंतरचा आकडा वाचत होती, म्हणून जुन्या जावाचे तिला ८ मिळत आणि नव्या जावाचे शून्य.

मूळ फाईलची प्रत जपून ठेवून मी अट बदलली: पहिला आकडा १ असेल तर दुसरा वाचावा, अन्यथा पहिलाच. प्रोग्राम लगेच सुरू झाला. विंडोज ७ सुद्धा आतून ६.१ होती, हे मात्र मी काकांना सांगितले नाही.