यावर लिंबू पिळाल का?

ज्या पदार्थावर लिंबू पिळायला हात आपोआप जातो, त्याच्याबरोबर ओक न लागलेली, म्हणजे ओकच्या लाकडी पिंपात न मुरलेली, पांढरी वाइन उघडायची. कित्येक वर्षं मी या एकाच नियमावर तरून जाते आहे. पाहुण्यांना मात्र वाटतं, हिला फार कळतं.

हा नियम सुचला तो एका फसलेल्या जेवणातून. मध लावून खरपूस भाजलेलं चिकन होतं आणि सोबत मस्कडे ही पांढरी वाइन. स्वयंपाक करताना चाखली तेव्हा छान लागली होती. पानावर बसल्यावर तीच वाइन नुसतं आंबट पाणी! दोष बाटलीचा नव्हता. पदार्थ गोड असला की कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आहे त्याहून आंबट लागते.

आता ओकचं. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लाकडाकडून व्हॅनिला, खोबरं, भाजलेल्या पावाचा वास मिळतो आणि लाकडातून शिरणाऱ्या किंचित हवेने ती गोलसर होते. स्टीलच्या टाकीत यातलं काही घडत नाही. राहतं ते द्राक्ष: हिरवं सफरचंद, नासपती, लिंबाची साल, कधी ओल्या दगडासारखं काहीतरी.

लोण्याचा वास आला की लोक लगेच ‘ओक’ म्हणतात, तिथे मात्र थांबा. सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल वाइनमधले जिवाणू सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात. त्या ओघात डायअसिटिल तयार होतं आणि लोण्याचा वास त्याचा. हे स्टीलच्या टाकीतही होतं. त्यामुळे लाकूड न पाहिलेली वाइनही मऊ लागू शकते. मला हे उमगायला फार वेळ लागला.

फरक जिभेवर बसवायचा तर शार्दोने घ्या, कारण या द्राक्षाचा स्वतःचा आवाज हळू असतो, लाकूड लगेच ऐकू येतं. एक बाटली पिंपातली, एक स्टीलमधली, दोन ग्लास शेजारी शेजारी. आधी वास, मग घोट. हा प्रयोग मित्र जमवून करा, एकट्याने दोन बाटल्या उघडण्यात अर्थ नाही.

बाटलीवर कधी ‘अनओक्ड’ किंवा ‘अनवुडेड’ लिहिलेलं असतं, बऱ्याचदा काहीच नसतं. म्हणून काही नावं पाठ असावीत: साधी शाब्ली (तीही शार्दोनेच), मस्कडे, स्पेनची अल्बारिन्यो, न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची बहुतेक सोव्हिन्यों ब्लाँ. शाब्लीतल्या महागड्या ग्राँ क्रूला (सगळ्यात वरच्या दर्जाच्या मळ्यांतल्या वाइनला) मात्र पुष्कळदा ओक लागलेला असतो. ‘बॅरल फर्मेंटेड’ (पिंपातच आंबवलेली) दिसलं की आजच्या कामाची नाही, परत ठेवा.

८ ते १० अंश सेल्सियसला प्यावी. फ्रिजमधून काढली की दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. बर्फासारखी गार असेल तर वास झोपलेलाच राहतो. (वाइन सुमार असेल तर खुशाल बर्फगार करा, तेवढंच झाकलं जातं.)

जोड्यांमध्ये माझी सगळ्यात लाडकी कालवं आणि मस्कडे. ही वाइन फ्रान्समध्ये ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या बाजूची. बाटलीवर ‘स्युर ली’ असेल तर ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवलेली असते, म्हणून किंचित पावासारखी लागते आणि कालवांच्या खारटपणाला अंग देते. दुसरी जोडी शेळीच्या दुधाचं चीज आणि सान्सेर, ही फ्रान्समधल्या सान्सेर गावाच्या परिसरातली पांढरी वाइन. शाविन्योल हे प्रसिद्ध चीजचं गाव सान्सेरच्या द्राक्षमळ्यांतच आहे, त्यामुळे ही सोयरीक जुनी. तळलेला मासा, कोळंबी, शतावरी यांचंही छान जमतं. तळणीचा तेलकटपणा ही वाइन घोटागणिक धुऊन काढते.

सॅलडला जपा. ड्रेसिंगमध्ये व्हिनेगर जास्त झालं तर वाइन फिकी पडते. मी ते निम्मं करते आणि उरलेली जागा लिंबाने भरते. दाट क्रीमच्या सॉसला आणि भाजलेल्या गोमांसाला ही वाइन पुरी पडत नाही, तिथे पिंपातली शार्दोने किंवा सरळ लाल.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीनेक दिवस टिकते. त्यानंतर उरली तर पातेल्यात ओता, लसूण टाका आणि झाकण ठेवून शिंपले वाफवा. त्यांवर लिंबू पिळालच, तेव्हा नवी बाटली गार करायला ठेवलेली असू द्या.