आकाशकंदील, रांगोळी आणि पहिली-दुसरीचे गणित : या चुका टाळा

प्रथम सत्राचे संकलित मूल्यमापन, म्हणजे सहामाही परीक्षा, संपते आणि दिवाळीच्या सुट्टीला चार-पाच दिवस उरतात, तेव्हा पहिली-दुसरीच्या बहुतेक वर्गांत घोटीव कागद, कात्री आणि डिंक बाहेर निघतो. मुलांचे हात आणि डोळे या दिवसांत जितके कामाला लागतात, तितके वर्षभरात क्वचितच लागतात. २०२१ च्या जुलैमध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले आणि तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत संख्याज्ञान यावे हे उद्दिष्ट ठरले. तेव्हापासून या हस्तकलेला गणिताची जोड देण्याचा प्रयत्न अनेक शिक्षक करत आहेत. प्रयत्न योग्यच आहे. तो फसतो तेव्हा बहुधा एकाच कारणाने फसतो : गणित चुकले तरी वस्तू तयार होते. ज्या कृतीत मोजणे चुकल्यावर कंदील वाकडा होतो किंवा रांगोळी जुळत नाही, त्याच कृतीत मूल स्वतःहून पुन्हा मोजते. खालील चुका मी माझ्या वर्गात केल्या आहेत किंवा शेजारच्या वर्गांत पाहिल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे पणतीच्या चित्रात बेरजा छापून त्या सोडवायला देणे आणि मग चित्र रंगवून घेणे. असा कागद वाईट नाही, पण त्यात पणतीचा आणि बेरजेचा काही संबंध नसतो. पणतीच्या जागी फुगा काढला तरी काहीच बदलत नाही. मूल बेरजा कशाबशा उरकते आणि रंगपेटीकडे वळते. त्याऐवजी प्रत्येक गटाला २४ टिकल्या आणि चार कागदी पणत्या द्याव्यात आणि प्रत्येक पणतीवर सारख्याच टिकल्या लागल्या पाहिजेत, एवढीच अट घालावी. मुले एकेक टिकली फिरवून वाटतात, मध्येच कमी पडते, पुन्हा गोळा करतात आणि शेवटी सहा-सहा वाटली जातात. भागाकार हा शब्द उच्चारण्याचीही गरज पडत नाही. मात्र वाटणी पूर्ण होऊन तपासली जाईपर्यंत डिंकाची बाटली टेबलावर येऊ देऊ नये, कारण एकदा चिकटलेली टिकली मूल सोडवत नाही, चुकीच्या जागी असली तरीही.

दुसरी चूक आपण प्रेमापोटी करतो. तास वाया जाऊ नये म्हणून आदल्या रात्री बसून आपण चाळीस मुलांच्या पट्ट्या मोजतो, रेघा आखतो, कापून ठेवतो. वर्गात मुलांच्या वाट्याला येते ते फक्त चिकटवणे. मोजण्याचे, आखण्याचे, अंदाज करण्याचे, म्हणजे गणिताचे सारे काम शिक्षकाने करून टाकलेले असते. कात्री चालवण्यात मदत करावी, पण खुणा मुलांनीच कराव्यात. चाळीस कंदील होणार नसतील, तर दोघांत एक करावा.

कंदिलाच्या चिरा आणि पट्ट्या

कागदाचा साधा गोल कंदील हा या वयासाठी सर्वांत उपयुक्त प्रकार आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच होतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. २० सेंटिमीटर लांबीचा घोटीव कागद लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने दर दोन सेंटिमीटरवर चीर द्यायची, कागद उलगडून त्याची नळी करायची आणि कडा चिकटवायच्या.

पहिली अडचण चिरांच्या दिशेची. निम्मी मुले घडीऐवजी मोकळ्या बाजूने कापू लागतात आणि कंदिलाऐवजी दोन्ही कडांना झालर तयार होते. तोंडी सूचना कितीही वेळा दिली तरी ही चूक होतेच. उपाय सोपा आहे : दुमडल्यावर घडीवर रंगीत खडू फिरवून घ्यावा, आणि मोकळ्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत एक आडवी रेघ मारून तिला ‘थांबा रेषा’ म्हणावे. रंगीत बाजूने कात्री आत जाते आणि थांबा रेषेवर थांबते.

दुसरी अडचण मोजपट्टीची. बाजारातल्या मोजपट्टीवर शून्याची रेघ अगदी कडेला नसते, थोडी मोकळी जागा सोडून असते. काही मुले मोजपट्टीची कड कागदाला लावतात, काही जण १ या आकड्यापासून मोजायला लागतात, आणि मग कंदिलाची शेवटची पट्टी कुठे जाड, कुठे बारीक येते. हे रागावण्याचे कारण नाही. दोन कंदील शेजारी ठेवून, याची शेवटची पट्टी बारीक का झाली असेल, असे विचारावे. वर्गातलेच कुणीतरी मोजपट्टी उचलून शून्य शोधते. पहिलीसाठी मात्र मोजपट्टी काढूच नये. दोन बोटे रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा द्यावा आणि तो पुढे पुढे सरकवून खुणा कराव्यात. मात्र सगळ्यांना एकाच मापाचा तुकडा द्यावा, कारण स्वतःच्या बोटांनी मोजले की शेजारच्याशी हिशेब जुळत नाही. तो धडाही महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या दिवशी घ्यावा.

तिसरी अडचण मला सर्वांत मोलाची वाटते. दुसरीची मुले दोन, चार, सहा असे म्हणत अठरापर्यंत खुणा करतात. काही जण विसाव्या सेंटिमीटरलाही, म्हणजे कागदाच्या कडेवर, खूण करतात. चिरा नऊ होतात आणि पट्ट्या दहा. आपण घाईत नऊ चिरा म्हणजे नऊ पट्ट्या असे फळ्यावर लिहून बसतो, किंवा दहा पट्ट्या पाहिजेत म्हणून दहा चिरा द्यायला सांगतो, आणि तिथेच मुलांचा विश्वास डळमळतो. आधी छोट्या कागदावर एक चीर देऊन दाखवावी : तुकडे दोन. दोन चिरा : तुकडे तीन. मग अंदाज विचारावा.

गोष्ट इथे संपत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने कंदील चिकटवल्यावर पट्ट्या पुन्हा मोजल्या आणि ती रडवेली होऊन आली. “बाई, दहा होत्या, आता नऊच आहेत. एक कुठे गेली?” मी उत्तर दिले नाही, तिला कंदील खिडकीशी धरायला सांगितले. उजेडात एक पट्टी बाकीच्यांपेक्षा गडद दिसत होती. शेवटची पट्टी पहिलीवर चिकटली होती. तिने बोट लावून ती दाखवली आणि मग स्वतःच म्हणाली, “गोल केल्यावर चिरा पण नऊ आणि पट्ट्या पण नऊ.” हाच अनुभव तोरणात येतो. सरळ दोरीवर दहा झेंडूच्या फुलांमध्ये एकेक आंब्याचे पान ओवले तर पाने नऊ लागतात. तीच माळ गोल बांधायची असेल तर दहा. दोन्ही कृती एकाच आठवड्यात घ्याव्यात, म्हणजे एकीतले ज्ञान दुसरीत कामाला येते.

ठिपक्यांची रांगोळी

रांगोळीत मुख्य चूक ठिपके घालण्याच्या जागेची असते. ‘पाच ते तीन, मधले ठिपके’, म्हणजे ३, ४, ५, ४, ३ ठिपक्यांच्या ओळींची रांगोळी आपण चौकटीच्या वहीत काढायला देतो. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत पुढची ओळ अर्ध्या अंतराने सरकलेली असते, आणि चौकटीच्या वहीत अर्धी जागा नसते. मूल ठिपके एकाखाली एक घालते, आकार षटकोनी न होता विचित्र दिसतो आणि चूक आपली असूनही खोडरबर मुलाच्या हातात येते. अशा वेळी एक आड एक चौकटीत ठिपके घालायला सांगावे : पाच ठिपक्यांच्या ओळीला १, ३, ५, ७, ९ या चौकटी आणि चार ठिपक्यांच्या ओळीला २, ४, ६, ८. विषम आणि सम संख्यांची ओळख इथे आपोआप होते. नुसते सरळ ठिपके हवे असतील तर १, ३, ५, ३, १ ही मांडणी चौकटीच्या वहीत नीट बसते.

सुरुवात वरच्या ओळीपासून करू देऊ नये. घरी आज्या करतात तशी मधली, सर्वांत मोठी ओळ आधी घालावी, मग तिच्या वर आणि खाली एकेक. पहिलीच्या मुलांना रांगोळीची चिमूट जमत नाही. त्यांना ठिपक्यांऐवजी चिंचोके द्यावेत, चुकले तर उचलून सरकवता येतात.

आता ‘पाच ते तीन’च्या रांगोळीत एकूण ठिपके किती, हा प्रश्न. इथे दोन उत्तरे हमखास येतात : १२ आणि २४. बारा म्हणणाऱ्याने पाच, चार आणि तीन मिळवलेले असतात, खालची बाजू त्याच्या लक्षात राहिलेली नसते. चोवीस म्हणणाऱ्याने विचार पुष्कळ केलेला असतो : वर जेवढे तेवढेच खाली, म्हणून बाराची दुप्पट. त्याला चूक म्हणून बसवू नये. मधल्या ओळीवर काठी आडवी ठेवावी आणि ही ओळ वरच्या बाजूची की खालच्या बाजूची, असे विचारावे. पाचची ओळ एकदाच मोजायची हे त्याला दिसते आणि उत्तर १९ येते. सममितीची रेषा म्हणजे काय, याची याहून चांगली ओळख मला अजून सापडलेली नाही.

घडी घालून कापायच्या पणतीत सममितीचीच दुसरी अडचण येते. मूल घडीच्या कागदावर पूर्ण पणती काढते, मग उलगडल्यावर दोन पणत्या निघतात. किंवा अर्धी पणती मोकळ्या कडेला काढते आणि हातात दोन सुटे तुकडे येतात. असे तुकडे फेकू नयेत. ते फळ्यावर लावून घडी कुठे होती ते वर्गाला ओळखायला सांगावे.

माळ आणि संख्यांची नावे

मण्यांची किंवा कागदी फुलांची माळ करताना मुले ४२ फुले ओवतात आणि वहीत २४ लिहितात. ही निष्काळजीपणाची चूक नाही. ‘बेचाळीस’ म्हणताना एकक आधी कानावर पडतो आणि लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला; त्या बदलामागची अडचण मात्र खरी होती, आणि ती माळेत सोडवता येते. सगळी फुले एका रंगाची देऊ नयेत. दहा पिवळी, दहा केशरी असे आलटून पालटून ओवायला लावले की चार दशक आणि वर दोन डोळ्यांना दिसतात, आणि आकृतिबंधही होतो. एकोणतीसला तर माळ फारच उपयोगी पडते. एकोण म्हणजे एकाने उणे; तीन गटांतले शेवटचे एक फूल कमी असलेली माळ दाखवली की मूल ३९ लिहीत नाही.

वेळेचा अंदाज चुकणे ही सर्वांची चूक आहे. एका तासिकेत मोजणे, कापणे, चिकटवणे आणि चर्चा बसत नाही. पहिल्या दिवशी मोजून खुणा कराव्यात, दुसऱ्या दिवशी कापावे, चिकटवावे आणि वाळत ठेवावे. मुलांच्या कात्र्या बोथट टोकाच्या असाव्यात. कागदी कंदिलात पणती ठेवायची नाही, हे घरी निरोप पाठवून सांगावे. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले असतील तर हीच कृती नाताळच्या चांदणीवर किंवा ईदच्या शुभेच्छापत्रावर तशीच करता येते. चिरा, घड्या आणि गट सगळीकडे सारखेच असतात.

प्रदर्शनासाठी कंदील निवडताना सर्वांत सुबक निवडले जातात, आणि पुढच्या वर्षी निम्मे कंदील पालकांच्या हातचे असतात. मी आता कंदिलावरच पेन्सिलने लिहायला लावते : चिरा किती, कापल्यावर पट्ट्या किती, गोल केल्यावर किती. ज्या कंदिलावर हे तीन आकडे बरोबर आहेत तो भिंतीवर जातो, मग त्याची एक पट्टी तिरकी असली तरी चालते. दोन कंदील मात्र कपाटात ठेवून देते, एक चिकटवलेला आणि एक उलगडलेला. सुट्टीनंतर वर्ग भरला की पहिल्या दिवशी ते दोन्ही टेबलावर ठेवून मुलांना पुन्हा मोजायला लावते.